खर्चाबाबत आदेश नाही

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आमच्या घरात चार पिढ्या ऐकली जात आहे. आमचे पणजोबा होळकरांच्या दफ्तरात कारकून होते. दुसऱ्यांच्या भांडणांचे कागद नीट लावून ठेवण्यात त्यांचे आयुष्य गेले आणि त्या अनुभवातून त्यांनी घरासाठी दोन नियम करून ठेवले. भांडण कोर्टात नेऊ नये, हा पहिला. आणि घराबाहेर गेलेला पैसा त्याच रात्री वहीत लिहावा, हा दुसरा. पहिला नियम आमच्या हातून मोडला. दुसरा पाळला गेला, म्हणूनच आज हे चार शब्द लिहिता येत आहेत.

त्या म्हणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. माणूस पायरी स्वतःच्या पायांनी चढतो, असे ती मानते. ज्याला दुसऱ्याने हात धरून वर नेले आणि मग वाटखर्च मात्र ज्याचा त्याने पाहावा असे सांगितले, त्याच्याविषयी ती काही बोलत नाही. आमच्या बाबतीत झाले ते असे.

आमची धाकटी बहीण २०१५ साली आपल्या आठ वर्षांच्या लेकीला घेऊन इंदूरला माहेरी परतली. का परतली, हे सांगण्याचे हे ठिकाण नव्हे. इकडे तिने एका खाजगी शाळेत नोकरी धरली आणि कुटुंब न्यायालयात पोटगीचा अर्ज केला. नवरा दुसऱ्या राज्यातल्या एका शहरात, रेल्वेने रात्रभराच्या अंतरावर, स्वतःचा व्यवसाय करीत असे. त्याने उत्तरात लिहून दिले की व्यवसाय बसला असून महिन्याला बारा हजार रुपये हाती येतात. नोकरदाराचा पगार कुठेतरी नोंदलेला असतो. व्यवसाय करणाऱ्याचे उत्पन्न तो स्वतः आणि प्राप्तिकर खाते एवढ्यांनाच ठाऊक असते. तेव्हा खरा आकडा मिळवायचा तो करखात्याकडूनच, असे आम्हां मोठ्या माणसांच्या मनाने घेतले. थोरल्यांनी वर्तमानपत्रात माहितीच्या अधिकाराविषयी बरेच वाचले होते. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर आणि एक अर्ज, एवढ्यावर काम होईल असे ते म्हणाले. धाकटीने सही केली. ती काही बोलली नाही, आणि आम्ही तिला काही विचारलेही नाही.

येथे थोडे थांबून, कायद्याने ही वाट कशी आखली आहे ते सांगणे बरे. माहितीचा अधिकार कायदा २००५ सालचा. केंद्र सरकारच्या कार्यालयात अर्जाची फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. मागितलेली माहिती तिसऱ्या माणसाची असेल, तर कलम ११ प्रमाणे पाच दिवसांत त्याला नोटीस द्यायची आणि म्हणणे मांडायला त्याला दहा दिवस मिळतात. नकार आला तर त्याच कार्यालयातील वरिष्ठांकडे पहिले अपील, आणि तेथेही नकार आला तर नव्वद दिवसांत आयोगाकडे दुसरे अपील. या दोन्ही अपिलांना केंद्राच्या नियमांत फी नाही, वकिलाची आवश्यकता नाही. गरिबातल्या गरिबालाही चढता याव्यात अशा या पायऱ्या मुद्दामच ठेंगण्या ठेवल्या आहेत. कायदा करणाऱ्यांचा हेतू उदात्त होता, यात शंका नाही.

दुसऱ्या बाजूला करखात्याचे मौन आहे, आणि तेही जुने आहे. १९२२ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ५४ ने करदात्याने दिलेली माहिती पूर्णपणे गोपनीय ठरवली होती. १९६१ च्या कायद्यात ती मोहर थोडी सैल झाली. कलम १३८ प्रमाणे कोणीही मुख्य आयुक्तांकडे अर्ज करावा, सार्वजनिक हिताचे वाटले तर त्यांनी माहिती द्यावी, न वाटले तर नाकारावी, आणि त्यांच्या या निर्णयाविरुद्ध कोणत्याही न्यायालयात दाद मागता येऊ नये, अशी व्यवस्था झाली. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गिरीश देशपांडे खटल्यात सांगितले की प्राप्तिकर विवरणपत्रातील तपशील ही वैयक्तिक माहिती आहे. व्यापक सार्वजनिक हित दाखवल्याशिवाय ती माहितीच्या अधिकारात मिळणार नाही.

या मौनाला कारण आहे, हे आम्ही नाकारत नाही. माणसाने सरकारला आपली मिळकत खरी सांगावी असे वाटत असेल, तर ती चव्हाट्यावर येणार नाही हा भरवसा त्याला दिला पाहिजे. आम्हीही करदाते आहोत. उद्या कोणी दूरच्या भाच्याने दहा रुपये भरून आमची विवरणपत्रे मागितली, तर आम्हांला ते खपेल का? खपणार नाही. तेव्हा ज्याने हरकत घेतली त्याला केवळ हरकत घेतली म्हणून दुष्ट म्हणणे बरोबर नाही, हे आज आम्हांला पटते. त्या वेळी पटत नव्हते.

आमचा अर्ज २०१६ साली गेला. नवऱ्याने हरकत घेतली, कार्यालयाने नकार दिला, पहिले अपीलही फेटाळले गेले. दुसऱ्या अपिलाची सुनावणी जिल्हा कचेरीतील एका खोलीत पडद्यावर झाली. धाकटी स्वतः बोलली, वकील नव्हताच. संपूर्ण विवरणपत्रे मला नकोत, फक्त तीन वर्षांच्या एकूण उत्पन्नाचे आकडे द्या, एवढेच तिने मागितले. जुलै २०१८ मध्ये आदेश आला : विवरणपत्रे द्यायची नाहीत, पण एकूण उत्पन्नाचे तीन आकडे द्यावेत. तेथपर्यंतचा सगळा खर्च वहीत आहे. पोस्टल ऑर्डर, रजिस्टर टपाल आणि झेरॉक्स मिळून सहाशे पन्नास रुपये. त्या दिवशी घरात श्रीखंड झाले. सहाशे पन्नास रुपयांत न्याय मिळाला, असे थोरले येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते.

सप्टेंबरात त्याने उच्च न्यायालयात रिट याचिका दाखल केली. माहिती कायद्याच्या कलम २३ ने इतर न्यायालयांना या विषयात मज्जाव केला आहे. पण संविधानाच्या अनुच्छेद २२६ खालचा उच्च न्यायालयाचा अधिकार कोणत्याही साध्या कायद्याने काढून घेता येत नाही, आणि घेतला जाऊही नये. पहिल्याच तारखेला आयोगाच्या आदेशाला स्थगिती मिळाली. करखाते प्रतिवादी होते खरे, पण न्यायालय सांगेल तसे करू, एवढेच त्याचे म्हणणे होते. आदेश आयोगाचा, तो टिकवण्याचे काम मात्र धाकटीच्या अंगावर आले. आतापर्यंतच्या पायऱ्या ठेंगण्या होत्या. ही उंच निघाली.

तेथून पुढे वहीतल्या ओळी लांबत गेल्या. वकिलांची फी पंचेचाळीस हजार रुपये, तीन हप्त्यांत. वकीलपत्र, टायपिंग, नकला, हिंदी कागदांचे इंग्रजी भाषांतर यांचे चार हजार दोनशे. सहा तारखांना सहा वेळा प्रवास. दर वेळी धाकटी आणि आमच्यापैकी कोणीतरी एक. तिकिटे, लॉजची खोली आणि जेवण धरून फेरीला दोन हजार आठशे पन्नास, म्हणजे एकूण सतरा हजार शंभर. वकीलसाहेबांनी प्रथमच सांगितले होते की प्रत्येक पेशीला येण्याची गरज नाही. तरी आम्ही जात राहिलो. आपले प्रकरण आपल्या पाठीमागे निघाले आणि आपण तेथे नव्हतो, ही धास्ती सोसवत नाही. त्या सहांपैकी चार तारखांना प्रकरण पुकारलेही गेले नाही.

मधल्या काळात कायद्याची हवा आमच्या बाजूने वाहू लागली होती. आमच्याच मध्य प्रदेशच्या उच्च न्यायालयाने मे २०१८ मध्ये म्हटले होते की नवऱ्याला पगार किती मिळतो हे जाणण्याचा बायकोला हक्क आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही पोटगीच्या वादात पगाराचा तपशील ही निव्वळ खाजगी बाब राहत नाही, असा निर्णय दिला. ते दोन्ही खटले नोकरदारांच्या पगाराचे होते, आमचा व्यावसायिकाच्या कराचा. म्हणून ते आम्हांला जसेच्या तसे लागू पडत नव्हते. पण वकीलसाहेब आशावादी होते.

जानेवारी २०२० मध्ये सहाव्या तारखेला प्रकरण पुकारले गेले. समोरचे वकील उभे राहिले आणि म्हणाले की इकडे कुटुंब न्यायालयानेच आता विवरणपत्रे हजर करायला सांगितली आहेत; तेव्हा या याचिकेत अर्थ उरला नाही, ती मागे घेण्याची परवानगी असावी. परवानगी मिळाली. सोळा महिन्यांचे प्रकरण मिनिटभरात संपले. आदेशाची नक्कल हाती आली तेव्हा तिच्यात मोजून चार ओळी होत्या. शेवटची ओळ अशी : खर्चाबाबत आदेश नाही.

प्रथम वाचताना ती ओळ आम्हांला निरुपद्रवी वाटली. पत्राच्या शेवटी 'कळावे' लिहितात तसे काहीतरी असेल, अशी समजूत झाली. रात्री गाडीत बसल्यावर तिचा अर्थ हळूहळू कळू लागला. आदेश नाही, म्हणजे ज्याचा खर्च त्याच्यापाशी. न्यायालयाने वाटणी केली नाही असे नव्हे. जेथे पडला तेथेच राहू द्यावा, हीच वाटणी झाली. दोघेही तुल्यबळ असते, तर ती समान म्हणता आली असती. पण एकाला तो खर्च वर्षाच्या हिशेबातली किरकोळ रक्कम होता आणि दुसरीला कित्येक महिन्यांचा पगार. पाऊस सगळ्यांच्या छपरांवर सारखाच पडतो. गळते घर कोणाचे, एवढाच प्रश्न असतो.

घरी आल्यावर थोरल्यांनी कायद्याची पुस्तके आणि निकाल मागवून वाचायला सुरुवात केली. निवृत्त माणसाला काम मिळाले, असे आम्ही थट्टेने म्हणत असू. पण त्यातून जे कळले ते वाचकांपुढे ठेवण्याजोगे आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५ मध्ये तत्त्व स्पष्ट लिहिले आहे : खर्च निकालाच्या मागे जातो, म्हणजे हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यावा. न्यायाधीशांना तसे करायचे नसेल, तर त्याची कारणे त्यांनी लेखी नोंदवावीत असेही तेथेच म्हटले आहे. खोट्या किंवा त्रासदायक दाव्याबद्दल भरपाई देणारे कलम ३५-अ आहे. तिची मर्यादा मात्र तीन हजार रुपये. दावा मागे घेणारा न्यायालय ठरवील त्या खर्चास पात्र राहतो, असे आदेश २३ मध्ये सांगितले आहे. पण ही सारी संहिता दिवाणी दाव्यांची. रिट याचिकेला ती जशीच्या तशी बांधील नाही. तेथे खर्च द्यावा की न द्यावा हे न्यायालयाच्या विवेकावर असते.

सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सेलम अ‍ॅडव्होकेट बार असोसिएशनच्या खटल्यात या विषयावर जे म्हटले, ते वाचून तर आम्ही थक्क झालो. खर्च मिळतच नाही किंवा नाममात्र मिळतो, याचा काही पक्षकार गैरफायदा घेतात, अशी खंत तेथे व्यक्त झाली आहे. खर्च प्रत्यक्ष आणि वाजवी असावा. त्यात वकिलाची फी, टायपिंग, प्रवास, मुक्काम तर यावेतच, पण जिंकणाऱ्याचा जो वेळ गेला त्याचीही किंमत यावी, असा त्या विवेचनाचा आशय आहे. विधी आयोगाने २०१२ साली आपला २४० वा अहवाल केवळ या खर्चाच्या प्रश्नावर दिला. म्हणजे रोग ठाऊक नव्हता असे नाही, औषधही लिहून दिलेले होते. फक्त रोग्यापर्यंत ते पोहोचले नव्हते.

माहितीच्या कायद्यातही या प्रश्नाचे एक बीज आहे. कलम १९(८)(ब) प्रमाणे अर्जदाराला झालेली हानी भरून देण्यास आयोग संबंधित कार्यालयाला सांगू शकतो. चुकार अधिकाऱ्याला दिवसाला अडीचशे रुपये, जास्तीत जास्त पंचवीस हजार असा दंडही आहे; तो सरकारजमा होतो, अर्जदाराला त्यातले काही मिळत नाही. पण आमच्यासारख्या वादात कार्यालयाने हयगय केलेली नसते, आणि तिसऱ्या पक्षाने उच्च न्यायालयात नेले तर तेथल्या खर्चाविषयी तो कायदा काही बोलत नाही. विवाहाच्या कायद्याचे तत्त्व याहून उदार आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ मध्ये, ज्या जोडीदाराला पुरेसे उत्पन्न नाही त्याला दुसऱ्याने दाव्याचा खर्च द्यावा, अशी तरतूद आहे. कोण जिंकले, कोण हरले याचा तेथे प्रश्न नाही. दोघांना एकाच उंचीवर उभे करावे, मग लढू द्यावे, असा तो विचार आहे. कुटुंब न्यायालयाने याच विचाराने धाकटीला पाच हजार रुपये दाव्याचा खर्च म्हणून मंजूर केलेही होते. पण उच्च न्यायालयातली याचिका हा वेगळा दावा. तेथे कलम २४ पोहोचत नव्हते. एकाच नवराबायकोचे एकच भांडण दोन कायद्यांच्या मधल्या फटीत पडले आणि खर्चही त्याच फटीत पडला.

अमेरिकेच्या माहिती कायद्यात १९७४ पासून, सरकारविरुद्ध बव्हंशी यशस्वी ठरलेल्या अर्जदाराला वकिलाची फी देण्याची मुभा न्यायालयाला आहे. पुढे असा पेच आला की निकाल लागण्याआधीच सरकारने माहिती देऊन टाकली, तर अर्जदार जिंकला म्हणायचे का? २००७ साली तेथील संसदेने दुरुस्ती करून सांगितले, होय. दाव्यामुळे समोरच्याने आपणहून भूमिका बदलली असेल, तर तेही यशच. आपल्या बाबतीत समोर सरकार नव्हते, त्यामुळे ती तुलना पुरती जुळत नाही. पण प्रश्न तोच होता. शेवटच्या तारखेला मागे घेतलेली याचिका ही हार नव्हे का? खर्च निकालाच्या मागे जातो म्हणतात. ज्याने निकालच लागू दिला नाही, त्याच्या मागे खर्चाने जाऊ नये का?

इतके सारे आम्ही आमच्या बाजूचे लिहिले. आता जे लिहिणे जड जाते ते लिहितो.

फेब्रुवारीत एका रविवारी रात्री जेवणानंतर वही उघडून आम्ही सगळे बसलो. थोरल्यांनी बेरीज वाचली : सहासष्ट हजार नऊशे पन्नास. थोरल्यांनी आणि मधल्यांनी अर्धी अर्धी रक्कम सोसावी, असे थोरल्यांचे मत पडले. मधल्या वहिनी क्षणभर गप्प राहिल्या आणि मग शांतपणे म्हणाल्या, "द्यायला आमची ना नाही. पण मुलाच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी ठेवलेल्या पैशांतून आधीच वीस हजार गेले आहेत. ते या अर्ध्यात धरायचे की वेगळे, एवढे सांगा." प्रश्न रास्त होता, तरी खोलीत तो कोणाला आवडला नाही. आई म्हणाली, माझी ठेव मोडा. कोणी उत्तर दिले नाही.

तेव्हा धाकटीने हात पुढे करून वही आपल्याकडे ओढली आणि पेनाने खाली एक ओळ लिहिली : बिनपगारी रजा, बारा दिवस, चारशे रुपयांप्रमाणे, चार हजार आठशे. बेरीज खोडून एकाहत्तर हजार सातशे पन्नास केली. मग म्हणाली, "दादा, वहीत सगळं होतं. लॉजवरचा चहासुद्धा होता. एवढंच नव्हतं."

आम्हांला बोलता येईना. ती पुढे म्हणाली, "तो आकडा शोधायचा हे तुम्ही ठरवलंत. उच्च न्यायालयात वकील द्यायचा हेही तुम्हीच ठरवलंत. मी तेव्हाच म्हटलं असतं की थोडं कमी मिळालं तरी चालेल, पण तडजोड करून मोकळी होऊ या. मला कोणी विचारलं नाही. आणि आता खर्च कोणी द्यायचा हे मात्र माझ्यासमोर ठरतंय, म्हणजे मी ऋणी राहावं म्हणून." शब्द कठोर होते, आवाज मुळीच चढलेला नव्हता.

त्या रात्री आम्हांला उमगले की खर्चाबाबत आदेश नाही ही ओळ केवळ उच्च न्यायालयाने लिहिलेली नव्हती. चार वर्षे आमच्या घरातही तीच चालू होती. ठरवणारे आम्ही, सही तिची. मान आमचा, रजा तिची. कोणी किती सोसायचे हे प्रारंभी न बोलल्यामुळे जो खर्च बोलत नव्हता तो तिच्यापाशी साचत गेला. सर्वोच्च न्यायालयाने २००५ सालीच वेळेची किंमत धरायला सांगितले होते. आम्ही, जमाखर्चाचा अभिमान मिरवणाऱ्या दफ्तरदारांचे वंशज, ती धरायला विसरलो.

आणखी एक शोध तिनेच लावला. शाळेतल्या एका सहकारी बाईंकडून तिला कळले की १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागण्याचा हक्क आहे; उच्च न्यायालयासाठीही त्याची वेगळी समिती असते. एक अर्ज केला असता तर पंचेचाळीस हजार वाचण्याचा संभव होता. आम्ही तो केला नाही, कारण आम्हांला तो माहीत नव्हता. आणि खरे सांगायचे तर माहीत असता तरी केला नसता. फुकटचा वकील म्हणजे घराण्याची नामुष्की, असे आमच्यापैकी कोणीतरी नक्की म्हणाले असते. तेव्हा त्या पंचेचाळीस हजारांतला काही भाग समोरच्याचा, काही कायद्यातल्या फटीचा, आणि काही निखळ आमच्या अज्ञानाचा व मानीपणाचा होता. न पुकारलेल्या चार तारखांच्या फेऱ्या आमच्या धास्तीच्या. कोणतेही न्यायालय वाजवी खर्च मोजायला बसले असते, तर आमची सगळी वही मान्य झाली नसती, हेही कबूल केले पाहिजे.

पुढची हकिकत थोडक्यात सांगतो. कुटुंब न्यायालयात विवरणपत्रे आली, पोटगी वाढली. मागितली होती तेवढी नाही, पण लेकीचे शिक्षण निभेल इतकी. नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात आदेश दिला की पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही पक्षांनी आपल्या मालमत्तेचे, उत्पन्नाचे व देण्यांचे प्रतिज्ञापत्र प्रारंभीच दाखल करावे. तो खटला महाराष्ट्रातूनच वर गेलेला होता. ज्याच्याजवळ माहिती आहे त्यानेच ती आणून ठेवावी, हा त्याचा अर्थ. माहिती शोधण्याचा खर्च न शोधणाऱ्यावर टाकण्याचा याहून साधा उपाय आम्हांला तरी सुचत नाही. आमची सोळा महिन्यांची लढाई त्या एका प्रतिज्ञापत्राने अनावश्यक ठरवली असती.

आज तर आमची जुनी वाट आणखी अरुंद झाली आहे. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहितीच्या कायद्याचे कलम ८(१)(ज) बदलले, आणि तो बदल नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आला. आता त्या कलमात वैयक्तिक माहिती एवढे दोनच शब्द नकाराला पुरतात. सार्वजनिक हिताचा तोल कलम ८(२) मध्ये मात्र अजून शिल्लक आहे. तेव्हा आपल्यापैकी कोणाच्या घरी असा प्रसंग आलाच, तर दहा रुपयांच्या अर्जाने प्रारंभ करू नये. ज्या न्यायालयात पोटगीचा अर्ज आहे तेथेच प्रतिज्ञापत्राचा आग्रह धरावा, विवरणपत्रे हजर करण्याचा आदेश मागावा, आणि मोफत वकील मागायला लाजू नये. आणि कोणी स्थगिती मागितली, तर ती देताना समोरच्या पक्षाच्या प्रवासाची व वकिलाची काही रक्कम आधी जमा करण्याची अट घालावी, अशी विनंती पहिल्याच तारखेला करावी. अशा अटी घालण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. शेवटच्या तारखेला खर्च मागणे म्हणजे वऱ्हाड गेल्यावर मानपान विचारणे होय.

आमच्या वहीचे काय झाले, असे वाचक विचारतील. त्या रविवारनंतर आठवडाभराने आम्ही पुन्हा बसलो. या खेपेस धाकटीला वही देऊन. आधी तिचे चार हजार आठशे तिला परत दिले. ते तिने घेतले, नाही म्हटले नाही. मधल्यांचे वीस हजार त्यांच्या वाट्यात धरले आणि त्यापुढे त्यांच्याकडून एक पैसाही घेतला नाही. आईची ठेव मोडली नाही. उरलेले थोरल्यांनी सोसले, कारण अर्जाची कल्पना त्यांची होती आणि त्यांना ते झेपत होते. ठरवणाऱ्याने सोसावे आणि झेपेल त्याने सोसावे, ही दोन तत्त्वे आम्हांला त्या रात्री कोणत्याही कलमावाचून सापडली. धाकटीने एक अट घातली. हा खर्च तिच्या नावावर कर्ज म्हणून राहू नये, आणि तो उपकार म्हणूनही कधी बोलून दाखवू नये.

वहीच्या त्या पानाच्या तळाशी तिच्याच अक्षरात आता एक ओळ आहे : वरील खर्चाबाबत आदेश झाला. खाली आम्हां सगळ्यांच्या सह्या आहेत, आईचीसुद्धा.